रोपाबरोबर मातीही पाहावी

बुरशी हा शब्द कानावर पडला की औषधनिर्मात्याच्या कपाळाला आठी पडते, आणि ती पडावीच. पावसाळ्यात कोठारातील हिरड्याच्या गोणीला लागलेली, पाक कच्चा राहिल्याने अवलेहाच्या बरणीत धरलेली, नीट न वाळवलेल्या पंचांगात शिरलेली बुरशी हा आपल्या व्यवसायाचा जुना शत्रू आहे. तिच्यापायी किती माल फेकून द्यावा लागतो, हे फार्मसीचालकांना आम्ही सांगावयास नको. अशा वाचकवर्गापुढे बुरशीची बाजू मांडणे थोडे धाडसाचेच होय. परंतु मृत द्रव्यावर वाढणारी कोठारातील बुरशी वेगळी आणि जिवंत झाडाच्या मुळात राहून त्याला पोसणारी बुरशी वेगळी. प्रस्तुत लेख दुसरीविषयी आहे. औषधी वृक्षांच्या लागवडीबाबत आपल्या व्यवसायात जी चर्चा चालते, तीत या दुसऱ्या बुरशीचा उल्लेखही होत नाही, आणि आमच्या मते लागवडीतील अपयशाचे एक मोठे कारण तेथे दडलेले आहे.

लागवडीचा उत्साह आपल्यात कमी नाही. वनमहोत्सव असो वा धन्वंतरी जयंती, शाखाशाखांतून बेल, अर्जुन, सीता अशोक, आवळा यांची रोपे वाटली जातात. राज्यातही २०१६ ते २०१९ या काळात वृक्षलागवडीचे मोठे उपक्रम झाले. एकट्या २०१९ सालचे उद्दिष्ट ३३ कोटी रोपांचे होते. रोप घेताना आपण ओळख काटेकोरपणे पाहतो. अशोकाच्या नावाखाली आसुपालव तर आलेला नाही ना, अर्जुन म्हणून ऐन तर दिला नाही ना, हे वैद्याच्या नजरेतून सुटत नाही. पण त्या रोपाच्या मुळाशी कोणती माती आहे, तिच्यात काय जिवंत आहे आणि काय मारून टाकलेले आहे, हे आपण विचारीत नाही. मग दुसऱ्या उन्हाळ्यात रोप वाळले की पाणी कमी पडले, गुरांनी खाल्ले, जमीन हलकी होती, अशी कारणे दिली जातात. ती खोटी नसतात. मात्र त्याच जमिनीत, त्याच पावसावर, कोणी न लावलेले करंजाचे वा बाभळीचे रोप बांधावर आपसूक उभे राहते. त्याला कोणी पाणी घातलेले नसते. हा फरक कशाने पडतो, याचा विचार करावयास हवा.

हा प्रश्न केवळ हौशी वृक्षारोपणाचा नाही. दशमुळातील बृहत्पंचमूळ, म्हणजे बेल, टेटू, शिवण, पाडळ आणि ऐरण, ही सारी वृक्षांची वा मोठ्या झुडुपांची मुळे होत. काष्ठौषधींच्या कोणत्याही फार्मसीत दशमूलारिष्टाखेरीज वर्ष जात नाही. वृक्षाचे मूळ घेणे म्हणजे बहुधा वृक्षच घेणे. म्हणून बाजारात मूळ म्हणून खोडाची साल आणि फांद्यांचे तुकडे येतात, हे आपण सर्व जाणतो आणि त्याकडे बऱ्याचदा काणाडोळाही करतो. रानातले टेटू आणि पाडळ शोधावयास आता लांब जावे लागते. गुग्गुळाची गत त्याहून बिकट. आंतरराष्ट्रीय पातळीवरील संकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला आहे. २००० साली स्थापन झालेले राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ लागवडीस साहाय्य देते, शेतकरीही तयार होतात. पण लावलेले झाड जगले नाही तर हे सारे कागदावरच राहते. म्हणूनच झाड कशावर जगते, हा प्रश्न वैद्याच्या आणि फार्मसीचालकाच्या कक्षेतला आहे. तो केवळ माळ्यावर सोपवून चालणार नाही.

आता विषयाकडे वळू. १८८५ साली आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने झाडाच्या मुळाशी बुरशीची जी जोडी आढळते, तिला मायकोरायझा हे नाव दिले. ग्रीक भाषेतील कवक आणि मूळ या अर्थाच्या दोन शब्दांचा तो जोड आहे. प्रशियाच्या सरकारने फ्रांक यांच्यावर काम सोपवले होते ते ट्रफल नावाच्या महागड्या भूछत्राची लागवड कशी करता येईल, हे शोधण्याचे. लागवड त्यांच्या हातून साधली नाही. मात्र मुळांभोवती बुरशीचे जे आवरण दिसते ते रोगाचे नसून पोषणाचे असावे, हे त्यांनी ओळखले. तत्कालीन विद्वानांनी ही कल्पना सहजासहजी स्वीकारली नाही, यात नवल नाही.

पुढे या संबंधाचे दोन मुख्य प्रकार स्पष्ट झाले. पहिल्यात बुरशी मुळाला बाहेरून म्यानासारखी वेढते. साल, पाइन हे वृक्ष या गटातले. साल म्हणजे आपला सर्जवृक्ष, ज्याची राळ आपण मलमात वापरतो. बस्तरमध्ये पावसाच्या प्रारंभी सालवनात जमिनीखालून निघणारा आणि बाजारात चढ्या दराने विकला जाणारा 'बोडा', झारखंडातील 'रुगडा', ही सालाच्या मुळांशी नांदणाऱ्या बुरशीचीच फळे होत. पाइनची कथा अधिक बोलकी आहे. पोर्टो रिको या बेटावर १९३० च्या दशकापासून पाइन लावण्याचे प्रयत्न झाले. रोपे उगवत, पिवळी पडत आणि खुरटत. १९५० च्या दशकात पाइनच्या मूळ प्रदेशातील थोडी माती आणून रोपांच्या मुळाशी घातली, तेव्हा ती झाडे वाढू लागली. बेटावर पाऊस होता, ऊन होते, माणसांची मेहनत होती. नव्हती ती फक्त पाइनची सोबतीण बुरशी.

दुसरा प्रकार आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा, कारण जगातील सुमारे ७० टक्के वनस्पती त्यात मोडतात आणि आपल्या व्यवहारातील बहुतेक औषधी वृक्षही. यातील बुरशी मुळाच्या पेशींत शिरून तेथे इवल्या झाडासारखी, अतिशय बारीक फांद्यांची रचना करते. देवघेव होते ती येथे. ही रचना काही दिवसच टिकते. जुनी विरते, नवी तयार होते. हा संबंध किती प्राचीन असावा? स्कॉटलंडमधील ऱ्हायनी येथील सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या अश्मीभूत वनस्पतींत अशा रचना सापडल्या आहेत. त्या वनस्पतींना खरी मुळेही नव्हती. म्हणजे मुळे येण्याआधी बुरशी आली, असे म्हटले तरी चालेल.

देवघेव कशाची, ते थोडे सविस्तर पाहणे आवश्यक आहे. झाडाला लागणाऱ्या अन्नद्रव्यांपैकी स्फुरद हे मातीत फारसे हलत नाही. नत्र पाण्याबरोबर वाहत मुळापर्यंत येते. स्फुरद मातीच्या कणांना, आपल्या तांबड्या मातीत लोह व ॲल्युमिनियमला आणि चुनखडीच्या काळ्या मातीत कॅल्शियमला, घट्ट धरून राहते. मूळ आपल्या भोवतालचा एखाद-दोन मिलिमीटरचा भाग रिकामा करते आणि पुढे त्याचा हात पोचत नाही. बुरशीचे तंतू मात्र मुळावरील केसांपेक्षाही बारीक असतात आणि ते कित्येक सेंटिमीटर दूर पसरतात. मातीच्या ज्या फटीत मूळ शिरू शकत नाही तेथे ते शिरतात आणि स्फुरद, जस्त, तांबे व काही प्रमाणात पाणी मुळापर्यंत आणून पोचवतात. मोबदल्यात झाड आपण सूर्यप्रकाशात तयार केलेल्या अन्नाचा वाटा, काही टक्क्यांपासून २० टक्क्यांपर्यंत, बुरशीला देते. हा वाटा केवळ साखरेचा नसून स्निग्ध द्रव्यांचाही असतो आणि ती स्निग्ध द्रव्ये ही बुरशी स्वतः तयार करू शकत नाही, हे २०१७ साली स्पष्ट झाले. जिवंत मुळावाचून ही बुरशी जगत नाही. या एका गोष्टीचा पुढे व्यवहाराशी फार संबंध येणार आहे, म्हणून वाचकांनी ती ध्यानात ठेवावी.

झाड बुरशीला बोलावते कसे, हेही मनोरंजक आहे. मुळे स्ट्रायगोलॅक्टोन नावाची द्रव्ये अत्यल्प प्रमाणात मातीत सोडतात. त्यांच्या स्पर्शाने बुरशीचे तंतू फांद्या फोडून मुळाकडे सरसावतात, असे २००५ साली जपानी संशोधकांनी दाखवले. स्फुरदाची टंचाई असली की मुळे ही द्रव्ये अधिक सोडतात आणि स्फुरद मुबलक मिळाले की कमी करतात. ज्वारीच्या शेतकऱ्याला छळणारा टारफुला हाच इशारा ओळखून उगवतो. या द्रव्यांचे नावही टारफुल्याच्या शास्त्रीय नावावरून पडले आहे. मित्रासाठी घातलेली हाक चोरानेही ऐकावी, तसाच हा प्रकार.

येथवर आधुनिक विज्ञानाची बाजू झाली. आपल्या ग्रंथांत काय आहे? चरकसंहितेच्या कल्पस्थानाच्या पहिल्याच अध्यायात औषधी कोणत्या भूमीतून घ्यावी, याचे विवेचन आले आहे. साधारण वा जांगल देश, सम व शुद्ध जागा, कुश आणि रोहिष गवताने आच्छादलेली, स्निग्ध व मधुर मातीची, मऊ, नांगर न लागलेली भूमी. शिवाय जेथे अधिक बलवान वृक्षांनी त्या वनस्पतीला दाबून टाकलेले नाही अशी. स्मशान, वारूळ, खारवट जागा वर्ज्य. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातही भूमीच्या विभागांवर स्वतंत्र अध्याय आहे आणि भूमीतील महाभूतांच्या आधिक्यानुसार विरेचन वा वमन द्रव्ये कोठली घ्यावीत हे तेथे सांगितले आहे. पदवी अभ्यासक्रमात आपण हे पाठ केले, परीक्षेत लिहिले आणि रोप विकत घेताना विसरलो.

आम्ही येथे एक गोष्ट स्पष्ट करू इच्छितो. आचार्यांना मुळातील बुरशी ठाऊक होती, असा दावा आम्ही करणार नाही. सूक्ष्मदर्शकावाचून ती दिसत नाही आणि ग्रंथात तिचा उल्लेख नाही. प्रत्येक नव्या शोधाचे मूळ संहितेत दाखविण्याचा जो मोह आपल्यातील काहींना होतो, त्याने संहितेची प्रतिष्ठा वाढत नाही, कमीच होते. पण आचार्यांचे निरीक्षण पक्के होते, हे मान्य करावयास कोणाची हरकत नसावी. नांगर न लागलेली जमीन म्हणजे जेथे बुरशीच्या तंतूंचे जाळे तुटलेले नाही अशी जमीन. कुश व रोहिष ही बहुवर्षायू गवते. गवतांची मुळे ही या बुरशीचे उत्तम आश्रयस्थान होत आणि वर्षभर जिवंत मुळे असलेल्या जमिनीत ती टिकून राहते. लक्षणावरून व्याधी ओळखावी तद्वत आच्छादनावरून भूमी ओळखण्याची ही रीत आहे. कारण ठाऊक नसतानाही ती अचूक ठरली, असे आम्हांस वाटते.

याच्या उलट आपल्या रोपवाटिकांत काय चालते ते पाहावे. काळ्या पिशवीत खणून आणलेला खालच्या थरातील मुरूम वा कोकोपीट, त्यात शेणखत आणि वरून सुपर फॉस्फेट किंवा डीएपीची चिमूट. रोप कोलमडू नये म्हणून कार्बेन्डाझिमची आळवणी, तीही ठरावीक दिवसांनी, रोग असो वा नसो. कोकोपीटमध्ये ही बुरशी मुळातच नसते. खालच्या थरात ती अत्यल्प. स्फुरद मुबलक असल्याने रोप तिला बोलावीत नाही आणि चुकून आलीच तर कार्बेन्डाझिम तिला रोगट बुरशीपासून वेगळे ओळखत नाही. असे रोप पिशवीत टवटवीत दिसते, गिऱ्हाईक त्याची उंची पाहून खूश होते. ते आयत्या ताटावर वाढलेले असते. जुलैत त्याला माळरानावर लावले की पहिल्यांदाच त्याच्यावर स्वतः शोधून खाण्याची पाळी येते आणि शोधून आणणारा साथीदार जवळ नसतो. खैर, शिरीष यांसारख्यांची अवस्था दुहेरी अवघड होते, कारण त्यांच्या मुळांवरील गाठींतील जिवाणूंना नत्र बांधण्यासाठीही स्फुरद लागतोच. (चंदनाचे प्रकरण आणखी निराळे, त्याची मुळे थेट शेजारच्या झाडाच्या मुळाला चिकटून अन्न घेतात, म्हणून त्याच्याजवळ तूर लावतात. त्याची येथे गल्लत करू नये.)

आमच्या पाहण्यातील एका औषधी उद्यानात जेसीबीने टेकडीचा उतार सपाट करून, वरची माती कडेला ढकलून, उघड्या मुरुमात दशमुळाचे वृक्ष लावले होते. तीन वर्षांनी टेटूची रोपे कमरेएवढीही झाली नव्हती. ढकललेल्या मातीच्या ढिगावर मात्र निर्गुडी आणि बहावा आपोआप माजले होते. उद्यानाचा फलक सुंदर होता.

यावर कोणी म्हणेल की, बाजारात मायकोरायझाची पावडर मिळते, ती टाकली म्हणजे झाले. येथे फार्मसीचालकांनी आपली व्यावसायिक नजर वापरावी, अशी आमची विनंती आहे. कृषी सेवा केंद्रातून मिळणाऱ्या दाणेदार पुड्यांत ह्युमिक आम्ल, समुद्रशेवाळ आणि मायकोरायझा एकत्र असल्याचे लिहिलेले असते. पीक हिरवे झाले तर ते कशाने झाले हे कळावयास मार्ग नसतो. काही ठिकाणी ट्रायकोडर्मा हीच मायकोरायझा म्हणून खपवली जाते. ट्रायकोडर्मा उपयुक्त आहे, पण ती मुळात राहून अन्न आणून देणारी बुरशी नव्हे. खत नियंत्रण आदेशात मायकोरायझा जैविक खतास स्वतंत्र मानक आहे. प्रतिग्रॅम किमान १०० जिवंत प्रसारक असावेत आणि चाचणीच्या मुळांत ते रुजून दाखवता आले पाहिजेत, असा त्याचा आशय आहे. पुडीवर त्याची नोंद आहे काय, निर्मितीची तारीख कोणती, दुकानात ती उन्हात किती दिवस पडून होती, हे आपण विचारतो काय? ही बुरशी जिवंत मुळावरच वाढते, हे वर सांगितले. म्हणून ती दह्याच्या विरजणासारखी पिंपात वाढवता येत नाही. दिल्लीच्या टेरी या संस्थेने प्रयोगशाळेत वाढवलेल्या मुळांवर तिचे उत्पादन करण्याचे तंत्र विकसित केले, तेही याच अडचणीतून. स्वस्त पुडीत ती किती असेल याचा अंदाज आपला आपणच करावा. परदेशांत झालेल्या तुलनात्मक चाचण्यांत बाजारातील बहुसंख्य उत्पादने मुळांत रुजलीच नाहीत, असे आढळले आहे. आपण कच्चे द्रव्य घेताना विश्लेषण प्रमाणपत्र मागतो. मग येथेच डोळे मिटून पैसे का द्यावेत?

आणि पावडर सर्वत्र लागतेच असेही नाही. बांधावर, गवताळ पडिकात, जुन्या आमराईत ही बुरशी स्थानिक रूपात असतेच. तेथे बाहेरची पुडी टाकणे म्हणजे भरल्या विहिरीत घागर ओतणे. गरज आहे ती मुरूम उघडा पडलेल्या, खाणीच्या वा जेसीबीने सपाट केलेल्या जमिनीत, वर्षानुवर्षे भरमसाट स्फुरद दिलेल्या शेतात आणि सर्वांत अधिक रोपवाटिकेच्या पिशवीत. झाडांच्या ओळींमध्ये आंतरपीक घ्यावयाचे तर तेही पारखून घ्यावे. मोहरी, मुळा, कोबी यांच्या कुळातील आणि माठ, राजगिरा, पालक, बीट यांच्या कुळातील वनस्पती या बुरशीला सहसा थारा देत नाहीत. ज्वारी, बाजरी, मूग, तूर, गवती चहा यांच्या मुळांत ती नांदते. औषधी शेतीसाठी शतावरी वा अश्वगंधाही चालेल.

उत्साहाच्या भरात दुसरे टोकही गाठू नये. झाडे बुरशीच्या जाळ्यातून परस्परांशी बोलतात, आई-झाड पिलांना भरवते, अशा रम्य गोष्टी अलीकडे वृत्तपत्रांतून वारंवार येतात. त्यांचा उगम कॅनडातील सुझान सिमार्ड यांच्या १९९७ सालच्या संशोधनात आहे. बर्च आणि डग्लस फर या झाडांत कार्बनची देवाणघेवाण होते, असे त्यांनी जंगलात प्रयोग करून दाखवले. मूळ काम मोलाचे. पण त्यावर रचलेल्या पुष्कळशा विधानांना पुरेसा पुरावा नाही, असे २०२३ साली याच क्षेत्रातील तज्ज्ञांनी परखडपणे मांडले. आपल्या शास्त्राच्या नावावर काय काय विकले जाते, हे आपण रोज पाहतो. म्हणून या बाबतीत तरी आपण सावध असावे.

वैद्यांच्या मनात येणारा प्रश्न निराळा असेल: झाड जगेल, वाढेल हे ठीक; द्रव्याच्या वीर्याचे काय? दिल्ली विद्यापीठातील संशोधकांनी या दिशेने काम केले आहे. २००४ साली त्यांनी बडीशेपेत या बुरशीमुळे सुगंधी तेलाचे प्रमाण व प्रत सुधारल्याचे आणि २००७ साली आर्टेमिसिया या वनस्पतीत हिवतापावरील आर्टेमिसिनिन हा घटक वाढल्याचे प्रसिद्ध केले. मात्र बुरशीच्या जातीनुसार परिणाम बदलतो. एका वनस्पतीला मानवलेली जात दुसरीला तितकी मानवेलच असे नाही. शिवाय ही क्षुपांची उदाहरणे आहेत. शिवणीच्या मुळाची परीक्षा करावयाची तर दहापंधरा वर्षे थांबावे लागेल. म्हणून 'मायकोरायझायुक्त दशमूळ, अधिक गुणकारी' अशी जाहिरात कोणी करू लागला तर तिला आमचा विरोधच राहील. झाड निरोगी उभे राहणे, एवढाच लाभ तूर्त खात्रीने सांगता येतो, आणि रानातले टेटू तोडावे लागू नयेत यासाठी तेवढाही थोडका नाही.

आमच्या मते संघटनेने यंदापासून रोपे वाटण्याची संख्या निम्मी करावी आणि घेतलेल्या रोपांची प्रत पाहावी. रोपवाटिकेस मागणी नोंदवताना तीन प्रश्न लेखी विचारावेत: पिशवीतील माती कोठली, स्फुरदयुक्त खत किती आणि केव्हा दिले, बुरशीनाशकाची आळवणी केली काय. एवढ्या प्रश्नांनीही पुरवठादार सावध होतो, हा कच्च्या द्रव्यांच्या खरेदीतला आपला सर्वांचा अनुभव आहे.

तपासणीही अवघड नाही. ज्या फार्मसीत चूर्णाची सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षा होते, तेथे ही सहज होऊ शकेल. शंभर रोपांतून पाच निवडावीत. त्यांची कोवळी, बारीक मुळे धुऊन सेंटिमीटरभर तुकडे करावेत. दहा टक्के दाहक पोटॅशच्या द्रावणात गरम पाण्यावर ठेवून ती पारदर्शक करावीत. धुऊन, पांढऱ्या व्हिनेगरमध्ये पाच टक्के काळी शाई मिसळून त्यात तीन मिनिटे उकळावीत आणि थोडे व्हिनेगर घातलेल्या पाण्यात रंग निथळू द्यावा. मुळात बुरशी असल्यास तंतू, फुगीर पिशव्या आणि ती झाडासारखी रचना गडद उठून दिसते. शाई-व्हिनेगरची ही पद्धत १९९८ साली प्रसिद्ध झाली आणि पूर्वीच्या विषारी रंगापेक्षा ती हाताळावयास सोपी आहे. निम्म्याहून अधिक तुकड्यांत बुरशी दिसली तरच रोपे स्वीकारावीत, असा नियम आम्ही सुचवितो. कोणास तो कडक वाटल्यास त्याने दुसरा सुचवावा. पण नियम असावा.

ज्यांची स्वतःची थोडी जमीन आहे, त्यांनी आपले विरजण आपणच तयार करावे. कोजागरीच्या सुमारास, जमिनीत ओल असताना, ज्या जातीची रोपे करावयाची तिच्याच एखाद्या जुन्या, निरोगी झाडाखालून, पाने बाजूला सारून, वीतभर खोलीपर्यंतची बारीक मुळांसह माती दोन-तीन ओंजळी घ्यावी. देवळाच्या आवारातला बेल, बांधावरची शिवण याला उत्तम. देवराईत मात्र कुदळ नेऊ नये, आणि मर वा मूळकूज दिसणाऱ्या झाडाखालची माती तर मुळीच आणू नये. बुरशीबरोबर रोग व सूत्रकृमीही येतात. ही माती चौपट स्वच्छ वाळूत मिसळून कुंड्यांत भरावी आणि दाट ज्वारी पेरावी. स्फुरदाचे खत देऊ नये. साडेतीन-चार महिन्यांनी पाणी तोडावे, पंधरा दिवसांत ज्वारी वाळते आणि बुरशी बीजाणू धरते. वरचा कडबा कापून टाकावा, मुळे बारीक चिरून त्याच मातीत मिसळावीत आणि सावलीत ठेवावी. फाल्गुनात पिशव्या भरताना प्रत्येक पिशवीत मुळाच्या जागी यातील मूठभर माती घालावी, वर बी वा रोप लावावे, शेणखत जुने व बेताचेच असावे. त्या आषाढात ही रोपे लावण्याची घाई करू नये. एक पावसाळा पिशवीत काढून दुसऱ्या आषाढात लावावीत, आणि खड्डा खणताना वरची वीतभर माती वेगळी काढून ठेवून तीच पुन्हा मुळांभोवती घालावी.